वसुधाला हात लावायचा नाही

नाही, नाही, तिथेच थांब. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बसायचं असेल तर ती पाटी उपडी पडलीय ना, तिच्यावर बस — ऊन लागतं? लागू दे, मी सकाळपासून इथेच बसलेय या बोंबलांवरचे कावळे हाकत, मला काय झालं? आणि ती पिशवी मांडीवर नको घेऊ, खाली ठेव, पाटीमागे. अख्ख्या वेसाव्याला माहीत आहे ती पिशवी. तू नाक्यावर उतरलीस की मला इथे कळतं — मथुरे, ती महारोगाची बाई आली गो. काय? कुष्ठरोग म्हणायचं? तू म्हण की. तुझ्या कागदावर कुष्ठरोग, आमच्या गल्लीत महारोग, हात वाकडा व्हायचा तो दोन्हीकडे सारखाच होतो. आणि वसुधा झोपलीय. आधीच सांगते म्हणजे तुझा वेळ नको जायला — माझ्या नातीला तपासायचं नाही, हात लावायचा नाही, तुझ्या वहीत तिचं नाव लिहायचं नाही. शाळेत नाही गेली आज, नाही. पोट दुखत होतं. सात वर्षांच्या पोरीचं पोट दुखू शकतं ना? की त्यालाही तुझं कार्ड लागतं?

हसू नको. मृणालिनी नाव ना तुझं — केवढं ते नाव, हाक मारायची तर घशाला कोरड पडते. मी तुझ्याशी तुझ्यासारखं बोलते म्हणून तुला वाटत असेल, ही बाई समजुतीतली आहे, हिला पटवता येईल. ही भाषा मी सात बंगल्याच्या बाजूला, तिथल्या बिल्डिंगीबिल्डिंगीत मासळी विकून शिकले. वीस वर्षं. तिथल्या बायकांना पापलेट हवं असतं पण पापलेटाबरोबर आमची भाषा नको असते. तर समजूतबिमजूत काही नाही हां माझ्याकडे. होती ती तू घेऊन गेलीस, दोन वर्षांपूर्वी, याच दारात बसून. आठवतंय? घरोघर फिरत होतीस — अंगावर डाग आहेत का, मुंग्या येतात का, बधीर वाटतं का. मी म्हटलं, बधीर? अगं मी पहाटे चारला बंदरावर बर्फात हात घालते, बोटं बधीर नाही होणार तर काय होणार? आमच्यातल्या सगळ्या बायकांची बोटं बधीर. चाकू लागला तरी टोपलीत रक्त दिसल्यावर कळतं. त्यात काय रोग? आणि तू काय केलंस, माझा कोपर धरलास, आतल्या बाजूला दाबलंस, आणि तुझं तोंड बदललं. तेव्हाच हाकलायला हवं होतं तुला. शीर जाड झालीय म्हणालीस. दंडावर तो पुसटसा डाग — मी शिबं समजत होते, लिंबू चोळत होते — त्यावर पीस फिरवलंस, डोळे मिटा म्हणालीस, लागलं की बोट ठेवा. मी मिटून बसले. किती वेळ बसले माहीत आहे? मला वाटलं तू सुरूच केलं नाहीस अजून. डोळे उघडले तर तू पिशवी बंद करत होतीस.

बर्फाला दोष देत बसले असते तर आज माझा हात असता. हो, असता! मान हलवू नकोस. हे बघ, बघ नीट, ही दोन बोटं — करंगळी आणि ही शेजारची — ही आता मिटलेलीच राहतात. यात चाकू धरता येत नाही, घोळीचे खवले निघत नाहीत, पाटी उचलली तर कलंडते. माझ्या सात बंगल्याच्या बाजूला आता मंजुळा जाते, माझी सून. मी इथे कावळे हाकते. आणि हे तुझ्या जंतूने नाही केलं. जंतू माझ्या अंगात किती वर्षं होता — दहा? पंधरा? तू म्हणालीस तो फार सावकाश वाढतो. मग पंधरा वर्षं तो राहिला आणि मी मासळी कापली, पोरगा वाढवला, त्याचं लग्न केलं, नाचले लग्नात. तुझ्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या महिन्यात तो डाग कसा झाला — लाल, फुगलेला, कढत, हात ठेववत नव्हता. कोपराची ती शीर अशी ठणकायची की रात्री तोंडात पदर कोंबून पडायचे. मी काय समजायचं? औषधाने बरं वाटायला हवं की वाईट? कोणाही शहाण्या माणसाला विचार. वर त्या दुसऱ्या गोळीने मी ही अशी काळी पडले, बायका विचारतात मथुरे एवढी कशी गं रापलीस, मी म्हणते ऊन. सगळ्याला ऊन नाहीतर बर्फ. दोनच उत्तरं ठेवलीस माझ्याकडे.

काय? माहीत आहे मला, गोळीने नाही. मला शिकवू नकोस. तुझ्याहून जास्त शिकवलंय मला, अकरा दिवस इस्पितळात होते, तो डॉक्टर विद्याधर होता ना — कोवळा, मिशीसुद्धा नीट आली नव्हती — तो रोज संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन बसायचा. त्याला परीक्षा होती म्हणे पुढच्या महिन्यात, त्याला कोणाला तरी सांगून पाठ करायचं होतं, आणि मला झोप नव्हती. एक्सरेच्या पाकिटाच्या मागे चित्रं काढायचा. मावशी, तुमच्या रक्तात एक फौज आहे, तिला टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे त्यांची शाळा. लहानपणी तिथे शिकतात, आणि भयंकर शाळा हां — ज्या पेशी आपल्याच माणसावर उठतात त्यांना तिथेच मारून टाकतात, ज्यांना आपलं घरच ओळखता येत नाही त्यांनाही मारतात, शंभर शिरल्या तर दोन-चार बाहेर पडतात. मी म्हटलं, आणि त्या दोन-चारांनी माझा हात मोडला? तो म्हणाला, ऐका तर मावशी. म्हणाला, या पेशींना अख्खा जंतू दाखवला तरी ओळखता येत नाही. समोर नाचला तरी नाही. दुसऱ्या एका पेशीने आधी तो जंतू गिळायचा, आत त्याचे बारीक तुकडे करायचे, आणि त्यातला एक तुकडा आपल्या दारात मांडून ठेवायचा. मग टी पेशी दारोदार फिरते — जशी तू फिरतेस — आणि प्रत्येक दारातल्या तुकड्याला हात लावून बघते. हा आपला की परका?

तो घाबरत होता मला समजणार नाही म्हणून. मी म्हटलं, अरे बाबा, यात न समजण्यासारखं काय आहे? माझ्या सासूचे डोळे गेले होते. म्हातारी चुलीशी बसायची आणि आम्ही तिच्या हातावर माशाचा तुकडा ठेवायचो, एवढासा, डोकं नाही, शेपूट नाही — दोन बोटांत धरून सांगायची, घोळ आहे, दाढा आहे, हा कालचा आहे, हा गोराईच्या बाजूचा आहे. आणि अख्खा मासा पुढ्यात टाकला तर चाचपत बसायची, शेपूट कुठे, तोंड कुठे. तिची बोटं तुकड्याची होती. विद्याधर एवढा खूश झाला, म्हणाला मावशी हेच, हेच, परीक्षेत हेच लिहितो. आणि अजून एक सांगितलं त्याने — तुकडा आपल्या घरच्याच ताटात असला पाहिजे. दुसऱ्याच्या अंगातल्या पेशीने तोच तुकडा मांडला तर माझी टी पेशी त्याला ओळखणार नाही, कारण ती ताट आणि तुकडा दोन्ही एकदम बघते. आणि प्रत्येक पेशीला एकच तुकडा ठाऊक. एकच! जन्मभर फिरायचं, लाखो दारं, आणि तिचा तो एक तुकडा कधी भेटला तर भेटला, नाहीतर तशीच मरायची. पण भेटला — मग बघ. एकीच्या हजार होतात, हजाराच्या लाख, आरोळ्या ठोकतात, आणि त्या आरोळ्या ऐकून ज्या आळशी पेशी जंतूला पोटात घेऊन गप्प बसल्या होत्या त्यासुद्धा पिसाळतात. ही सगळी नवीन माहिती आहे मावशी, म्हणाला, पाच-सहा वर्षांतली. मी म्हटलं, वा. माझ्या हाताचं नशीब बघ, एकदम ताजी माहिती घेऊन मोडला.

तर कळलं तुला मी कोणावर चिडलेय? जंतूवर नाही. तो बिचारा राहत होता गप्प, शिरेच्या आत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझी फौज अर्धी झोपेत होती. तुझ्या गोळ्यांनी जंतू मरायला लागले, त्यांचे तुकडे पसरले, आणि फौज खडबडून उठली — अरे, हा तर आपला तुकडा, हा तर परका, घुसा! आणि घुसली कुठे? तो जिथे होता तिथे. माझ्या शिरेत. जंतूला मारायचं म्हणून शीर जाळली माझी. विद्याधर म्हणाला, मावशी, तुमच्या अंगाने चांगलंच काम केलं, फक्त जागा चुकीची होती. जागा चुकीची! शेजारच्या खाटेवर एक बाई होती जोगेश्वरीची, तिची फौज अजिबात उठलीच नव्हती — अंगात कोट्यवधी जंतू, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, पण हात बघशील तर लोण्यासारखे, केस विंचरायची माझे. मला तिचा हेवा वाटायचा. हो, हेवा! देव माफ करो. मी म्हणायचे, माझीपण झोपली असती तर. — माहीत आहे, माहीत आहे, तिचे हातही जातील, नाक बसेल, डोळे जातील, तेवढं मलाही कळतं. पण आज तर होते ना तिचे हात. मला आजचं बोलायचंय.

'मी सांगितलं होतं.' हेच म्हणायला तोंड उघडलंस ना? वाटच बघत होते. हो, सांगितलं होतंस. डाग सुजला, दुखलं, बोटांत जोर कमी वाटला तर त्याच दिवशी ये, गोळ्या बंद करू नको, त्याच दिवशी ये. कागदावरही लिहून दिलं होतंस, आणि मला वाचता येत नाही म्हणून तीनदा म्हणून घेतलंस माझ्याकडून. झालं समाधान? मग ऐक आता, का नाही आले ते. आमची नवी होडी उतरायची होती. अनंताची, माझ्या पोराची पहिली होडी, बापाची सोडून स्वतःची म्हणून पहिली. नारळी पौर्णिमेला उतरणार. आमच्यात नाळेची पूजा घरची बाई करते, होडीच्या त्या पुढच्या टोकाला हळद-कुंकू लावायचं, माळ घालायची, आणि आईने लावल्याशिवाय होडी पाण्याला लागत नाही. तीन आठवडे राहिले होते. मी दवाखान्यात आले असते तर तू मला इस्पितळात धाडलं असतंस, गावात झालं असतं — मथुरेला महारोग, आणि मग त्या होडीला कोणी मला शिवू दिलं असतं? अनंताच्या होडीवर खलाशी तरी चढले असते? म्हणून थांबले. हळद-चुना गरम करून बांधला, पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं, आणि थांबले. तीनच तर आठवडे. पूजा केली मी. कुंकू लावलं, माळ घातली, आणि नारळ घेतला समुद्राला द्यायला — या हातात — आणि तो नारळ सुटला गो. फेकला नाही, सुटला. वाळूत पडला माझ्या पायाशी, सगळ्या गावासमोर. मी उचलायला वाकले तर त्याला धरायला बोटांत जोरच नव्हता. रामनाथने — माझ्या नवऱ्याने — पटकन उचलून पाण्यात टाकला, म्हणाला तिला चक्कर आली. तेव्हा आले मग मी तुझ्याकडे. विद्याधरने सुजेच्या गोळ्या दिल्या, फौजेला थोपटून निजवायच्या, ठणका गेला, मनगट सुधारलं. पण ही दोन गेली ती गेली. तो म्हणाला, मावशी, पहिल्या आठवड्यात आला असतात तर पूर्ण हात परत आला असता. हे त्याने पाकिटावर काढून नाही दाखवलं. नुसतं सांगितलं.

झालं. आता तुला सगळं कळलं, जा आता. अजून काय? घरातल्यांची तपासणी — मागच्या वर्षी केलीस की. रामनाथ ठीक, अनंता ठीक, मंजुळा ठीक, वसुधा ठीक, तूच लिहून नेलंस. वर्ष झालं म्हणून परत? आणि तिला काही झालं असतं तर मला कळलं नसतं? मीच आंघोळ घालते तिला. रोज बघते मी, दारात उजेडात उभी करून, पाठ, मांड्या, हात, कोपर दाबून बघते दोन्हीकडे, डावीकडे जरा जास्त — नाही, सगळीकडेच. सगळीकडे बघते. तुझ्याइतकंच येतं मला आता. काय बघतेस अशी? नातीची काळजी घ्यायची नाही? माझ्या कुशीत झोपते ती जन्मल्यापासून. माझ्याच श्वासात. तू म्हणाली होतीस ना कसं लागतं ते, श्वासातून, वर्षानुवर्षं जवळ राहून. आणि हेही म्हणाली होतीस की शंभरातल्या पंच्याण्णवांना लागतच नाही, त्यांची फौज पहिल्याच दिवशी तुकडा ओळखते आणि काम संपवते, घरात कोणाला कळतही नाही. पंच्याण्णव! मी काय मागत होते देवाकडे — नव्वद चालले असते, ऐंशी चालले असते, फक्त हिला त्यांत घाल म्हटलं. एकविरेला बोलले, ओटी बोलले. आणि काही झालंच असतं तरी औषध घरात आहेच की. पांढरी गोळी तर साधी असते, ती काळी करत नाही, अर्धी दिली तरी —

काही नाही. कुठे काय म्हटलं मी? कोणाला अर्धी? असंच बोलले. हे बघ, आवाज चढवू नकोस माझ्यावर, मी तुझ्या आईच्या वयाची आहे. — दिवाळीपासून. बस, समाधान? दिवाळीपासून देते. पहिल्या आंघोळीला डाग दिसला, डाव्या कोपराच्या वर, आठ आण्याच्या नाण्याएवढा, पुसट. माझी पांढरी गोळी मोडते, अर्धी तिला गुळात, अर्धी मी घेते. म्हणून माझ्या गोळ्या संपतात वेळेवर, तुझा हिशोब चुकत नाही. तुला सांगायचं कशाला? तू वहीत लिहिणार, वर्गातल्या बाकावरच्या पोरी तपासणार, त्यांच्या आया विचारणार कोणामुळे. आणि मंजुळेला कळलं तर? ती बोलत नाही मला काही, चांगली आहे पोर, माझी पाटी डोक्यावर घेते, पण ती पोरीला उचलून गोराईला माहेरी जाईल, आणि जाईलच, मी तिच्या जागी असते तर मीपण गेले असते. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन ने. ने माझ्यापासून लांब. पण कोणी विचारू नये म्हणून मी गोळी मोडते. माझ्यामुळे लागलं तर मीच काढीन, एवढंच ठरवलं होतं मी. चुकीचं ठरवलं? अर्ध्या गोळीने जंतू पुरता मरत नाही, माजतो, आणि महिन्याची ती लाल गोळी तू समोर बसवून देतेस म्हणून मला चोरता येत नाही — हेच सांगणार ना? तुझं बोलणं पाठ आहे मला. सगळं पाठ आहे. काय उपयोग झाला?

पोट नाही दुखत तिचं. लाल झालाय. डाग गं, डाग लाल झालाय, फुगलाय, कढत लागतो. नऊ दिवस. मागच्या सोमवारी बघितलं आंघोळीला आणि मला उमगलं — तेच. तस्सं तेच. तिचीपण उठली फौज. माझी तरी पन्नाशीतली होती, जुनी, थकलेली, हिची तर आत्ता आत्ता शाळेतून सुटलेली असेल, नवीन, जोमाची, काय धावली असेल तुकडा बघून. सागरगोटे खेळते ती मागच्या अंगणात, पाच झेलायची एका हातावर, परवापासून शेवटचा सुटतो. करंगळीच्या बाजूचा. मी म्हटलं, डाव्या हाताने कशाला खेळतेस, उजव्याने खेळ. असं म्हटलं मी तिला. नऊ दिवस मी रोज सकाळी उठते आणि ठरवते, आज हिला घेऊन जायचं, आणि मंजुळा समोर येते, अनंता येतो, शेजारीण येते, आणि दिवस मावळतो. आज तू नाक्यावर दिसलीस तर मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, हिच्या अंगावर कुत्रं सोडावं.

पीस लावलं मी तिला. कोंबडीचं, स्वच्छ धुऊन. काल दुपारी, अशीच मंजुळा बाजारात होती तेव्हा. तुझ्यासारखंच म्हटलं, डोळे मिट बाय, लागलं की बोट ठेव. डागाच्या बाहेर लावलं, तिने ठेवलं. बरोब्बर ठेवलं. डागावर लावलं — नाही. परत लावलं — नाही. दहा वेळा लावलं असेल मी, जोरातपण लावलं, नंतर लुगड्याच्या पिनेने — नाही गो. डोळे मिटून हसत बसली होती, खेळ वाटला तिला, मी मघाशी सांगितलं ना मी कशी बसले होते, तशीच. आणि मला रडू आलं. आवाज नाही केला, पण मुलांना कळतं. तिने डोळ्यांच्या फटीतून बघितलं मला. आणि परत घट्ट मिटले, आणि म्हणाली — लागलं आजी. बोट ठेवलं डागावर. लागलं. पुन्हा लागलं. आत्ता पण लागलं. मी पीस लावलंच नव्हतं, मृणालिनी. पीस माझ्या मांडीवर होतं.

ऊठ. ऊठ म्हटलं ना, पिशवी घे. मंजुळा चारच्या आत येत नाही, अनंता आणि रामनाथ समुद्रात आहेत. नको, मला समजावू नको, मला तुझं एक अक्षर ऐकायचं नाही, तू सुद्धा नको आणि तुझा तो धीर सुद्धा नको. आतल्या खोलीत आहे, खिडकीशी, जागीच आहे. जा आत. मी नाही येणार, माझ्याने बघवणार नाही, मी इथे बोंबलांपाशी बसते. आणि तिने लागलं म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. जा.